‘पाढे घोटा, समज आपोआप येईल’ म्हणणाऱ्यांना

शाळा सुरू व्हायच्या सुमारास दरवर्षी एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतो. यंदा तो मला तीन वेगवेगळ्या गटांतून आला. सारांश असा: आमच्या वेळी पावकी-निमकी, दीडकी-अडीचकी (पाव, अर्धा, दीड, अडीच यांचे पाढे) तोंडपाठ असायची, म्हणून आमचं गणित पक्कं. आता काड्या मोजा, एकवीस-बावीसला ‘वीस एक, वीस दोन’ म्हणा, समजून घ्या, असले लाड सुरू झाले आणि पोरांना साधी वजाबाकी येईना. प्राथमिक शाळेत पाठांतर आणि सराव एवढंच हवं, समज पुढे आपोआप येते.

मी गेली काही वर्षं संध्याकाळी चौथी-पाचवीच्या मुलांचं गणित घेते. या निरोपामुळे पालक मुलांच्या हातातल्या काड्या काढून घेतात, हे पाहिलंय. म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी पावकी-निमकी. ती कशासाठी होती? रुपयाचे १६ आणे, शेराच्या १६ छटाका, मणाचे ४० शेर, असा व्यवहार होता. अर्धा, पाव, सव्वा, दीड यांतच सगळी देवघेव चालायची. मूल शाळेत सवायकी म्हणायचं आणि घरी आई सव्वा शेर ज्वारी मापताना पाहायचं. म्हणजे अर्थ त्याच्याकडे आधीच होता, पाठांतराने त्याला वेग दिला. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि लिटर आले, आणि त्या पाढ्यांखालची जमीनच सरकली. शिवाय ‘आमच्या वेळी’ म्हणताना कोण मोजलं जातं? १९५१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता १८.३३ टक्के होती. ज्यांना शाळेत पाऊलच ठेवता आलं नाही किंवा पाढे येईनात म्हणून जे गुरांमागे गेले, त्यांचं गणित कसं होतं हे या निरोपात कोणी लिहीत नाही.

सव्वा, दीड, पावणेतीन, चतकोर हे शब्द मात्र अजून घरात आहेत, आणि अपूर्णांक शिकवायला याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. अर्धा अधिक एक तृतीयांश किती, तर पाचवीतली कितीतरी मुलं वर वर मिळवतात, खाली खाली मिळवतात आणि दोन पंचमांश लिहून मोकळी होतात. अशा वेळी मी नियम सांगत नाही. ताटात अर्धी भाकरी आहे, आईने आणखी तुकडा वाढला, आता अर्धीपेक्षा कमी झाली का, एवढंच विचारते. मूल स्वतःचं उत्तर स्वतःच खोडतं.

‘सराव वाढवा, वजाबाकी येईल.’ इथे माझा सगळ्यात मोठा विरोध आहे. चौथीतली एक मुलगी ५२ वजा २७ बरोबर ३५ लिहायची. आळशी अजिबात नाही, वहीभर गणितं केलेली, सगळी याच पद्धतीने. लहान अंक मोठ्यातून काढायचा हा नियम तिने मनाशी पक्का केला होता, त्यामुळे दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर तिने सातातून दोन काढले. तिला आणखी पन्नास गणितं दिली असती तर तीच चूक पन्नासदा पक्की झाली असती. ‘शेजाऱ्याकडून एक उसना घ्यायचा’ हे तिने ऐकलेलं होतं. तिचा प्रश्न होता, “काकू, मग परत कधी द्यायचा?” किती रास्त प्रश्न! उसनं घेतलेलं परत द्यावं लागतं, हेच तर आपण तिला शिकवलंय.

मी तिच्यापुढे खेळातल्या दहाच्या पाच नोटा आणि रुपयाची दोन नाणी ठेवली आणि सत्तावीस रुपये मागितले. तिने दोन नोटा दिल्या, मग थांबली.

“सुटे नाहीत.”

“मग?”

“दहाची मोडते.”

नोट मोडून दहा नाणी घेतली, सात मोजून दिली, हातात पंचवीस उरले. मग वहीतले पाच खोडून तिने स्वतःच वर चार लिहिले. उसनं कोणी घेतलं नव्हतं, नोट मोडली होती.

आता ‘वीस एक’. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ही वाचनपद्धत आली तेव्हा मोठा गदारोळ झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. जुनी नावं काढली नव्हती, त्यांच्या जोडीला ही दिली होती. ‘त्रेपन्न’ म्हणताना तोंडात आधी तीन येतो, लिहिताना मात्र आधी पाच लिहायचा. ‘एकोणतीस’मध्ये ऐकू येतो तीस आणि लिहायचा असतो वीसच्या घरातला आकडा. सहा-सात वर्षांचं मूल इथे अडखळलं तर दोष त्याचा नाही. ‘पन्नास तीन’ म्हटलं की दशक-एकक कानालाच कळतात. कन्नड आणि तेलुगूत मोजणी अशीच चालते. एकोणतीस मलाही प्रिय आहे. पण ‘तिसाला एक कमी’ हा त्यातला अर्थ मुलाला उलगडून दाखवला तरच.

पाढे नकोत असं मी म्हणत नाही. हवेतच. पण सातचा पाढा धडाधड म्हणणारा मुलगा सात रुपयांच्या आठ पेन्सिलींचं गणित वाचून “यात अधिक करायचं की गुणायचं?” विचारतो, तेव्हा तो पाढा त्याच्या काय कामाचा? सात ओळींत आठ-आठ बिया मांडून पाहिलेल्या मुलाला छप्पन्न आठवला नाही, तरी पाच ओळींच्या चाळीस आणि उरलेल्या दोन ओळींच्या सोळा, असं करत तो पोचतो. एकदा पोचला की पाठही लवकर होतं.

परीक्षेतल्या वेगाबद्दल थोडंच. ९९ सख किती, तर सहाशेला सहा कमी. हे ज्याला दिसतं तो हातचे मांडत बसणाऱ्याच्या आधी मोकळा होतो.

राहिलं ‘आपोआप’. मुलांना वाचन-गणित किती येतं हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी ३०.७ टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. पाच वर्षं शाळेत बसूनही बाकीच्यांकडे समज आपोआप आली नाही.

घरी हे कोण करणार, असं पालक विचारतात. फार काही लागत नाही. उत्तर बरोबर आलं तरी “कसं काढलंस?” विचारायचं आणि मूल सांगेपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं मलाही जड गेलं.

त्याच मुलीला परवा ३०४ वजा १२८ दिलं. मधल्या शून्यापाशी ती थबकली. सांगायला माझं तोंड उघडलंच होतं, ते मिटलं. तिने पेन्सिलीचं टोक तिनावर टेकवलं आणि म्हणाली, “दहाच्या नोटा नाहीतच. शंभरची मोडते.” तिनाचे दोन केले, शून्यावर आधी दहा लिहिले, मग खोडून नऊ केले आणि चाराचे चौदा. एकशे शहात्तर.