मॉरिशसचा साठ-शून्य

मॉरिशसमध्ये 2024 च्या संसदीय निवडणुकीत 62 पैकी 60 जागा एका आघाडीला मिळाल्या म्हणजे स्थैर्य आलं, हे तुमच्या लेखातलं म्हणणं पटलं नाही. 1982 ला मुख्य बेटावरच्या साठही जागा (उरलेल्या दोन रॉड्रिग्ज बेटाच्या) एकाच आघाडीच्या पदरात पडल्या होत्या, विरोधकांना शून्य. नऊ महिन्यांत सरकार फुटलं. 1995 लाही तेच, आघाडीतल्या दोन पक्षांचे नेते रामगुलाम आणि बेरांजे या जोडीचं 1997 मध्ये बिनसलं. 2024 ला परत हीच जोडी!

खरा दोष पद्धतीत आहे. मुख्य बेटावर प्रत्येक मतदारसंघात तीन जागा, मतदाराला तीन मतं. बहुतेक जण एकाच आघाडीच्या तिघांवर फुल्या मारतात, मग विरोधक जवळजवळ पुसलेच जातात. 2019 ला सदतीस टक्क्यांच्या आसपास मतांवर बहुमत मिळालं होतं, त्याचा लेखात उल्लेखही नाही. तिथे मराठी माणसंही आहेत, त्यांच्याही विधानसभेचा प्रश्न आहे, म्हणून जास्त लागतं मनाला.