लिटल अंदमान चार दिवसांत उरकायची कृती

सगळ्यात आधी परतीचं विमान काढा. तेही पैसे परत न मिळणारं, आणि लिटल अंदमानच्या हट बे बंदराहून बोट पोर्ट ब्लेअरला लागेल त्याच दुपारचं. (२०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्रीविजयपुरम झालंय. पाटी बघून भलत्याच गावी उतरलो म्हणून घाबरू नका.) बोट सरकारी आहे, म्हणजे वेळेवर सुटणारच. वारा वाढला, जहाज दुरुस्तीला गेलं की फेरी रद्द होते. पण तुमच्या एक्सेल शीटमध्ये 'समुद्र' असा रकाना नाही, तेव्हा तुम्हाला काय त्याचं? मधे दोन दिवस मोकळे ठेवतात ते भित्रे.

महिना जून निवडा. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. प्रवास सहा ते आठ तासांचा. रटलंड बेटाचा आडोसा संपून डंकन पॅसेज ही उघडी सामुद्रधुनी लागली की नैऋत्येची लाट बोटीला आडवी घेते. त्यासाठी तळलेलं भरपेट खाऊन निघा आणि उलटीची गोळी उलटी झाल्यावरच घ्या. अर्धा-पाऊण तास आधी घेतली तर ती काम करते, मग सांगायला काय उरलं? जागाही अगदी पुढच्या टोकाला पकडा. बोटीच्या मध्यावर हेलकावे कमी बसतात, तिथे क्षितिजाकडे बघत बसणं तुम्हाला शोभत नाही. खाली मान घालून रील्स बघा.

रोख नेऊ नका. एटीएम आहे ना! त्यात नोटा असणं ही वेगळी बाब.

बेटावर स्कूटर घ्या आणि बटलर बेचा किनारा बघायला दुपारी साडेतीनला निघा. धक्क्यापासून चौदाएक किलोमीटर तर आहे. घड्याळ मुंबईचंच, पण बेट कोलकात्याच्याही पूर्वेला. सूर्य लवकर बुडतो, डिसेंबरात तर पाचलाच. परतताना अंधार, खड्डे आणि रस्त्यात ठाण मांडून बसलेली गुरं. टायर, ब्रेक, दिवा हे निघताना बघायचं नसतं, वाटेत कळतंच.

पोहायला खाडीचं तोंड उत्तम. पाणी गढूळ, आजूबाजूला खारफुटी, वेळ तिन्हीसांजेची. खाऱ्या पाण्यातली मगर समुद्रातही पोहते, किनाऱ्यावरही येते. इशाऱ्याचा फलक सेल्फीसाठी आहे; त्याला टेकून उभे राहा.

मग हाफ पँटमध्ये ओल्या वाळूत बूड टेकवा. सँडफ्लाय, म्हणजे वाळूतल्या बारीक माश्या, पहाटे आणि संध्याकाळी चावतात. त्या क्षणी फारसं कळत नाही. दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल पुळ्यांची रांगोळी उठते. नखं वाढवून ठेवली असतील तर आता खाजवा. तिथल्या दमट हवेत ओरखडा दोन दिवसांत पिकतो. पाय झाकणारे कपडे, अंगाला तेल, बसायला उंच जागा, हे सगळं अतिसावधांचं काम.

'आदिवासी कुठे दिसतील?' हे भेटेल त्याला विचाराच. इथल्या ओंगे आदिवासींच्या राखीव क्षेत्रात शिरायला १९५६ च्या नियमानुसार बंदी आहे आणि तुरुंगाचीही तरतूद आहे. मुक्काम वाढवायचा असेल तर तीही एक सोय.

राहता राहिली आठवणीची वस्तू. किनाऱ्यावरचं मेलेलं प्रवाळ उचला, टॉवेलात गुंडाळा, बॅगेच्या तळाशी ठेवा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याला मेलेलं-जिवंत फरक पडत नाही, आणि वीर सावरकर विमानतळावरच्या स्कॅनरला टॉवेलाचा. बॅग उघडायला सांगतील तेव्हा 'पोरांनी टाकलं असेल' म्हणा. पोरं मात्र बरोबर असू द्या.