बेकर स्ट्रीटवर मोबाइल वाजला म्हणून बिघडलं कुठे?

शेरलॉक होम्सचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं, आणि दर काही महिन्यांनी ते लांबलचक पोस्ट होऊन फिरतही असतं. होम्स म्हणजे धुकं, बग्गी, गॅसचे दिवे आणि व्हिक्टोरिया राणीचं लंडन. त्याला उचलून एकविसाव्या शतकात आणणाऱ्या मालिकांनी, म्हणजे बीबीसीच्या 'शेरलॉक'नं (२०१०) आणि अमेरिकेतल्या 'एलिमेंटरी'नं (२०१२), त्याची पार वाट लावली. सोबत कारणंही दिलेली असतात. होम्स लिहिणाऱ्या डॉयलसाहेबांना हे कधीच चाललं नसतं. मोबाइल, सीसीटीव्ही आणि डीएनएच्या जमान्यात होम्सला कामच काय? होम्सच्या सोबत्याची, डॉक्टर वॉटसनची, बाई करणं ही तर निव्वळ थेरं. बघायचाच तर जुन्या वेशातला जेरेमी ब्रेटचा होम्स बघा, तो शब्दन् शब्द पुस्तकाबरहुकूम आहे.

ब्रेट मलाही आवडतो. पण ही कारणं एकेक करून तपासली तर त्यातलं एकही धड टिकत नाही.

आधी जुन्या काळाचं बघू. होम्सची पहिली कादंबरी 'अ स्टडी इन स्कार्लेट' १८८७च्या एका ख्रिसमस अंकात आली आणि १८९१च्या जुलैपासून 'स्ट्रँड' मासिकात कथा सुरू झाल्या. त्या वाचणाऱ्याला भाड्याच्या घोडागाडीचं काय कौतुक असणार? ती त्याच्या दाराशीच उभी असायची. होम्स त्याला वर्तमानपत्रातल्या बातमीइतका ताजा वाटत होता. तारा करणारा, रेल्वेचं वेळापत्रक चाळणारा, टाइपरायटरच्या झिजलेल्या अक्षरांवरून लबाड माणूस पकडणारा. 'ब्रूस-पार्टिंग्टन प्लॅन्स'मध्ये दाट धुकं आहे खरं, पण गोष्ट उभी आहे ती पाणबुडीच्या चोरलेल्या आराखड्यांवर आणि लंडनच्या भुयारी रेल्वेवर. रुळाला लागून असलेल्या खिडकीतून प्रेत थांबलेल्या गाडीच्या टपावर ठेवलं जातं आणि ते पुढे सांध्यांपाशी घसरून पडतं. बीबीसीवाल्यांनी हीच क्लृप्ती २०१०च्या 'द ग्रेट गेम'मध्ये वापरली. पाणबुडीच्या जागी क्षेपणास्त्र आलं आणि कागदांच्या जागी मेमरी स्टिक. बाकी रूळ, टप आणि प्रेत जिथल्या तिथे.

आणि राणीचंच म्हणाल तर ती वारली जानेवारी १९०१मध्ये. होम्सच्या एकूण ६० गोष्टी, ४ कादंबऱ्या आणि ५६ कथा. त्यातल्या ३४ राणी गेल्यावर छापून आल्या, शेवटची १९२७ साली. त्यातल्या बहुतेकांचा काळ डॉयलनं मुद्दाम मागचा ठेवला, हे कबूल. पण १९१७च्या 'हिज लास्ट बो'मध्ये त्यानं होम्सला थेट ऑगस्ट १९१४मध्ये नेऊन जर्मन हेराच्या मागे लावलं आणि वॉटसनला मोटार चालवायला बसवलं. म्हणजे होम्सला काळाबरोबर पुढे सरकवण्याची सुरुवात खुद्द लेखकानंच करून ठेवली होती.

वॉटसनचं तर नशीबच बघण्यासारखं. मूळ कादंबरीत हा लष्करी डॉक्टर मुंबई बंदरात उतरतो, तिथे त्याला कळतं की आपली पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली. मग तो अफगाणिस्तानात जातो आणि १८८०च्या मैवंदच्या लढाईत जखमी होऊन परततो. होम्स पहिल्या भेटीत त्याला म्हणतो, तुम्ही अफगाणिस्तानात होतात असं दिसतं. २०१०मध्ये मालिका लिहिणाऱ्या स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिस यांना इथे काहीच बदलावं लागलं नाही. ब्रिटिश फौजा पुन्हा तिथेच होत्या! फक्त कंबरबॅचच्या होम्सला विचारावं लागतं, "अफगाणिस्तान की इराक?"

आता डॉयलला काय चाललं असतं ते. हा माणूस आपल्या मानसपुत्राबद्दल आजच्या भक्तांइतका हळवा नव्हता. विल्यम जिलेट या अमेरिकन नटानं होम्सवर नाटक लिहायला घेतलं तेव्हा तार करून विचारलं, होम्सचं लग्न लावू का? डॉयलचं उत्तर असं, की लग्न लावा, खून करा, काय वाटेल ते करा. ते नाटक १८९९ साली आलं. होम्सची ती वाकडी चिलीम लोकांच्या डोक्यात बसवली ती जिलेटनं. शिकारी टोपी प्रामुख्यानं सिडनी पॅजेटच्या चित्रांची. आणि "एलिमेंटरी, माय डिअर वॉटसन" हे वाक्य ६० गोष्टींत जसंच्या तसं कुठेच नाही. ज्याला आपण अस्सल होम्स म्हणतो त्यातला बराचसा असा दुसऱ्यांनीच चिकटवलेला आहे.

एक पुरावा मात्र फिरत्या मताच्या बाजूनं जातो, तोही सांगतो, कारण पोस्ट लिहिणाऱ्यांना तो सहसा ठाऊक नसतो. १९२१ ते १९२३ या काळात ब्रिटनमध्ये होम्सचे मूकपट निघाले, घडणारे त्याच काळच्या लंडनमध्ये. डॉयलनं १९२४च्या आत्मचरित्रात त्यातल्या नटाची, नॉरवुडची, तोंडभरून स्तुती केली. तक्रार केली ती एकच. त्यात टेलिफोन आणि मोटारी घुसडल्या आहेत, ज्यांची व्हिक्टोरियन होम्सनं स्वप्नातही कल्पना केली नसती. झालं, लेखकाचाच शेरा मिळाला! पण याच १९२४ साली डॉयलनं 'थ्री गॅरिडेब्ज' ही कथा छापली. तिच्यात बेकर स्ट्रीटच्या टेबलावर टेलिफोन डिरेक्टरी पडलेली आहे, वॉटसन तिच्यात नाव शोधतो आणि होम्स त्याला पुढे फोन लावायला सांगतो. लेखकाची तक्रार आणि लेखकाची करणी यांत निवड करायची वेळ आली तर मी करणीकडे बघेन.

आणि ही खोड काही बीबीसीची नव्हे. बॅसिल रॅथबोन हा नट होम्स झालेले १९३९चे दोन चित्रपट जुन्या काळात घडतात, पण १९४२पासून युनिव्हर्सल कंपनीनं त्यालाच नाझींच्या विरुद्ध उभं केलं आणि त्या १२ चित्रपटांत होम्स सरळ वर्तमानकाळात वावरतो. मॉफट आणि गॅटिस यांनी आपली प्रेरणा म्हणून याच चित्रपटांकडे बोट दाखवलं आहे.

सगळ्यात जास्त मिरवला जाणारा मुद्दा तंत्रज्ञानाचा. सगळं गूगलवर मिळतं, कॅमेरे सगळं टिपतात, मग निरीक्षणाला काय किंमत?

'अ स्टडी इन पिंक'मधला, म्हणजे 'शेरलॉक'च्या पहिल्या भागातला, प्रेताचा प्रसंग नीट बघा. गुलाबी कपड्यांतली बाई उजाड खोलीत पालथी पडली आहे. होम्स तिच्या कोटावरून हात फिरवतो, ओला. कॉलर उलटून आतून बघतो, तीही ओली. खिशातली छत्री चाचपतो, ती मात्र कोरडी ठणठणीत. म्हणजे पाऊस होता, वारंही होतं, नाहीतर कॉलर वर केली नसती, आणि वारं इतकं की छत्री उघडायची सोय नव्हती. कोट अजून वाळला नाही म्हणजे ती दोन-तीन तासांच्या अंतरावरून आली. यानंतर, इतकं झाल्यावर, तो मोबाइल काढतो आणि त्या टप्प्यात कुठे असं हवामान होतं ते पाहतो. उत्तर कार्डिफ. हवामान त्या खोलीतल्या कुणालाही पाहता आलं असतं. पोलिस इन्स्पेक्टर लेस्ट्रेडच्या खिशातही मोबाइल होताच. पण काय शोधायचं ते कळायला आधी कॉलर उलटावी लागते. मग पायावरचे चिखलाचे शिंतोडे बघून तो सांगतो की हिच्याजवळ चाकांची छोटी बॅग होती, ती कुठे आहे? पोलिसांना बॅग सापडलेलीच नसते, आणि गोष्ट तिथून पळत सुटते.

होम्सला माहितीचा तिटकारा होता असं डॉयलनं कधी लिहिलंच नाही. तो कात्रणांच्या वह्या बाळगायचा, वर्तमानपत्रांतल्या खासगी जाहिराती रोज वाचायचा, आणि तंबाखूच्या १४० प्रकारांच्या राखेवर त्यानं पुस्तिका लिहिली होती. मालिकेत ती वेबसाइटवर गेली आणि प्रकार झाले २४३. 'क्रीपिंग मॅन'मध्ये होम्स वॉटसनला निरोप धाडतो, की सोयीचं असेल तर लगेच ये, गैरसोयीचं असेल तरी ये. हाच निरोप मालिकेत एसएमएसनं येतो. बोलण्याची ढब इतकी तीच, की एसएमएस ही सोय जणू होम्ससाठीच निघाली असावी.

डीएनएबद्दल म्हणाल तर डॉयलनं या आक्षेपाला १९०३ सालीच उत्तर देऊन ठेवलं आहे. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग निघाला १९०१मध्ये. (ती पद्धत पक्की झाली कलकत्त्यात, एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी डोकं लावून. हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.) दोन वर्षांत डॉयलनं 'नॉरवुड बिल्डर' लिहिली. भिंतीवर रक्तात उमटलेला अंगठा सापडतो, तो आरोपीच्या अंगठ्याशी तंतोतंत जुळतो, लेस्ट्रेड खूष. होम्सला मात्र खात्री असते की काल ही भिंत आपण तपासली तेव्हा हा ठसा नव्हता. लाखेच्या मोहोरेवरून अंगठा उचलून तो मागाहून उमटवलेला निघतो. पुरावा अचूक, पण खोटा. नवं शास्त्र आलं की ते कसं फसवता येईल याची गोष्ट लिहायची, ही डॉयलची स्वतःची चाल. डीएनए आणि सीसीटीव्हीच्या काळात अशा गोष्टींना वाव वाढलाच आहे.

बाई वॉटसनबद्दल फार लिहावं असं काही नाही. 'एलिमेंटरी'तली जोन, म्हणजे लूसी ल्यू, व्यसनातून नुकत्याच सुटलेल्या होम्सच्या सोबतीला नेमलेली माजी सर्जन आहे. लोकांना हे भलतंच वाटतं. पण १८९०च्या 'साइन ऑफ फोर'मध्ये होम्स कोकेनची सुई टोचतो, आणि 'मिसिंग थ्री-क्वार्टर'मध्ये वॉटसन स्वतः सांगतो की मी वर्षानुवर्षं खपून हळूहळू त्याचं हे व्यसन सोडवलं. डॉयलनं दोन वाक्यांत उरकलेलं काम त्या मालिकेनं सात सीझन गंभीरपणे घेतलं. तिथे साडी नेसवली काय किंवा सूट घातला काय, वॉटसनचं काम तेच राहिलं.

आता शब्दन् शब्द पुस्तकाबरहुकूम असण्याबद्दल. ग्रॅनडा टेलिव्हिजनची ब्रेटची मालिका (१९८४ ते १९९४) सुरुवातीला खरंच मुळाला धरून होती. तरीही तिच्या 'रेड-हेडेड लीग'मागे होम्सचा हाडवैरी मोरिआर्टी याचा हात दाखवला आहे. मूळ कथेत तो औषधालाही नाही. १९९३च्या 'लास्ट व्हॅम्पायर'मध्ये तर मूळ छोट्याशा कथेला इतकं ताणलं आहे की ओळख पटू नये. ब्रेट आजारी असताना 'मॅझरिन स्टोन' होम्सच्या भावावर, मायक्रॉफ्टवर, ढकलून दिली गेली, आणि तिच्यात 'थ्री गॅरिडेब्ज'ही मिसळली. टोप्या, कोट, दिवे सगळं त्या काळचं, आणि तरी गोष्ट वेगळीच. उलट मोबाइलवाला 'शेरलॉक' डॉयलची पानं समोर उघडी ठेवून लिहिल्यासारखा आहे. 'साइन ऑफ फोर'मध्ये होम्स वॉटसनच्या घड्याळाच्या किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे पाहून सांगतो की याच्या आधीचा मालक, वॉटसनचा भाऊ, दारुडा होता. पिणाऱ्याचा हात किल्ली लावताना थरथरतो. मालिकेत ओरखडे मोबाइलच्या चार्जिंगच्या खाचेभोवती आहेत, तर्क तोच. फक्त भाऊ म्हणावा तर ती बहीण निघते, आणि होम्सला चुकल्याचं दुःख होतं. मूळ पुस्तक पाठ असणाऱ्याला ही जी गुदगुली होते ती केवळ जुने कपडे चढवून होत नाही. भाड्याची गाडी हाकणारा खुनी आणि बळीपुढे ठेवलेल्या दोन गोळ्यांतली निवड हेही १८८७च्या 'स्टडी इन स्कार्लेट'मधूनच आलेलं आहे. गाडीवाल्याकडे कुणी बघत नाही, हे तेव्हाही खरं होतं आणि टॅक्सीच्या काळातही आहेच.

एवढं झाल्यावर त्या मतवाल्यांना काही देणं लागतो. 'शेरलॉक' शेवटी शेवटी खरोखर घसरली. २०१७च्या चौथ्या सीझनमध्ये केस बाजूला पडते, अज्ञात बहीण, बेटावरचा तुरुंग आणि घरचे वाद एवढंच उरतं, आणि होम्स तर्क करतो की जादू ते कळेनासं होतं. पण हे मोबाइलमुळे झालेलं नाही. गिऱ्हाईक जिना चढून वर यावं आणि आपली विचित्र अडचण सांगावी, हा डॉयलचा साचा त्यांनी मोडला आणि होम्सचीच अडचण ही केस केली.

त्याहून मला खटकतं ते आयरीन अॅडलरचं. १८९१च्या कथेत ती पुरुषवेशात होम्सच्या दारावरून त्याला गुड नाइट म्हणत निघून जाते, दुसऱ्या दिवशी आपल्या नवऱ्याबरोबर देश सोडते, आणि होम्स हरतो. जानेवारी २०१२मध्ये बीबीसीवर तीच आयरीन मोरिआर्टीच्या सल्ल्यानं चालते, होम्सवर मन जडल्यानं फोनचा पासवर्ड त्याच्याच नावावर ठेवते, त्यामुळे हरते, आणि शेवटी तिचा जीव वाचवायला होम्सला कराचीला जावं लागतं. सव्वाशे वर्षांनी बाई मागेच गेली. हेच मोबाइल, हाच काळ घेऊन 'एलिमेंटरी'नं २०१३मध्ये काय केलं ते बघा (ज्यांनी पाहिली नाही त्यांनी इथेच थांबा). तिथे आयरीन हीच मोरिआर्टी निघते, होम्सला पुरती गुंडाळते, आणि तिला पकडायची युक्ती सुचते ती जोन वॉटसनला.