टर्बो गाडीच्या प्लगचा गॅप वाढवू नका

'प्लगचा गॅप 1.1 मिमी करा. ठिणगी मोठी पडेल, पिकअप आणि मायलेज दोन्ही वाढेल. आयरिडियम प्लगला तर गेजही लावायची गरज नाही.' हा मेसेज फिरतोय. गॅप म्हणजे स्पार्क प्लगचं मधलं टोक आणि बाहेरची वाकडी पट्टी यांच्यातलं अंतर, ठिणगी तिथेच पडते. गेज म्हणजे ते मोजायचं साधन, आणि आयरिडियम प्लग म्हणजे मधलं टोक आयरिडियम धातूचं असलेला प्लग. तुमची गाडी टर्बो पेट्रोल असेल तर कृपया असं करू नका.

गॅप वाढवला की ठिणगी लांब होते, हे खरं. पण ती पडायला व्होल्टेजही जास्त लागतं, आणि ते सिलिंडरमधल्या दाबावरही ठरतं. दाब आणि अंतराचा हा संबंध जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन यांनी 1889 मध्येच मांडला होता. टर्बो सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबतो, म्हणजे दाब आधीच चढलेला. त्यात गॅपही वाढवलात की ठिणगीला व्होल्टेज पुरवणारी कॉइल कमी पडते आणि ठिणगी चुकते. म्हणून तर साध्या इंजिनांना 1.0-1.1 मिमी चालतो, तिथे बऱ्याच टर्बो इंजिनांना 0.7-0.8 च्या आसपास सांगितलेला असतो.

'माझी गाडी तर मस्त चालते.' शहरात चालणारच, तिथे टर्बोवर जोर कुठे येतो? माझ्या गाडीला एका गॅरेजमध्ये चुकीच्या गॅपचे प्लग बसले होते. आठवडाभर काही जाणवलं नाही. खंबाटकीच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि गाडी हिसके द्यायला लागली, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. घरी प्लग काढून पाहिले, तर 1.1 मिमी गेजची तार गॅपमधून सहज आरपार गेली. मॅन्युअलमध्ये आकडा होता 0.75.

मायलेजचं म्हणाल, तर मिसिंगमध्ये, म्हणजे ठिणगी चुकली की, पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो तापवतं. तो बदलायचा खर्च एकदा विचारून बघा.

आयरिडियम प्लग कारखान्यातून गॅप लावून येतो, हे बरोबर. पण तो तुमच्याच इंजिनासाठी लावलाय कशावरून? शिवाय खोका पडला, प्लग आपटला की गॅप बदलतो. तपासायचाच, फक्त हलक्या हाताने. मधलं टोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं. नाण्यासारखी गेज त्यात रेटली की ते तुटतं. तारेची गेज घ्या. वाकवायची ती फक्त बाहेरची पट्टी, तीही गेज मधल्या टोकाला टेकू न देता. फरक जास्त असेल तर वाकवत बसू नका, मॅन्युअलमधल्या नंबरचाच प्लग आणा.

आणि उलट टोकाला जाऊन 0.5 वरही आणू नका. ठिणगी तोकडी पडून आयडलिंगलाच (गाडी उभी, इंजिन चालू असतानाच) मिसिंग सुरू होऊ शकतं.