तलावपाळीवर 'अमेरिकन सायको'

शनिवारी रात्री तलावपाळीच्या कट्ट्यावर विषय निघाला 'अमेरिकन सायको'चा, आणि पम्या सुटलाच. "कसला भारी आहे यार तो बेटमन! बॉडी, सूट, अ‍ॅटिट्यूड!" बेटमन म्हणजे त्या पिक्चरचा हिरो, दिवसा वॉल स्ट्रीटवरचा बँकर आणि रात्री खुनी. पम्याने पिक्चर अख्खा पाहिलेला नाही, रील्स पाहिल्यात. तिथेच माझं डोकं फिरलं.

म्हटलं, "व्हिजिटिंग कार्डांचा सीन बघ आधी. सगळे व्हाइस प्रेसिडेंट, सगळ्यांची कार्डं सारखीच पांढुरकी, आणि दुसऱ्याच्या कार्डात वॉटरमार्क निघाला म्हणून ह्याच्या हातून ते कार्ड निसटतं. ज्याचं ते कार्ड, तो पॉल अ‍ॅलन तर ह्याला भलत्याच नावाने हाक मारतो. ज्याला ऑफिसातली माणसं नीट ओळखत नाहीत, त्याचं कौतुक कसलं करतोस?"

सायलीला दोघांचंही पटेना. "मग एवढं रक्त कशाला? पारदर्शक रेनकोट, मागे गाणं, हातात कुऱ्हाड. पिक्चर ज्या कादंबरीवरून काढलाय, ती 1991 ची कादंबरी पहिल्या प्रकाशकाने छापायचीच सोडून दिली होती, बायकांवरच्या हिंसेवरून केवढा गदारोळ झाला होता. आणि आपण हसायचं?"

मी सांगितलं, 2000 चा हा सिनेमा दोन बायकांनी लिहिलाय, मेरी हॅरन आणि ग्विनेव्हर टर्नर, दिग्दर्शन हॅरनचं. आणि ते दिसतं. रस्त्यावरून गाडीत घेतलेल्या मुलीला बेटमन परस्पर 'क्रिस्टी' करून टाकतो. तिचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. दुसऱ्यांदा तो बोलावतो तेव्हा ती गाडीत बसायला तयार नसते, मग पैसे पुढे येतात. तिची ती घालमेल रील्समध्ये कुणी टाकत नाही.

"दिसते रे," सायली म्हणाली, "पण मरतेच ना ती?"

ह्यावर मला काही बोलता आलं नाही. अजूनही येत नाही.

पम्या म्हणे, खूनबिन सगळं बेटमनच्या डोक्यातलंच आहे. मला हे अजिबात मान्य नाही. सगळं स्वप्न वाटावं असा आपला हेतू नव्हता, हे हॅरननेच नंतर सांगितलंय. बेटमन वकिलाला फोनवर सगळं कबूल करतो, वकील ते गंमत समजतो, वर त्याला दुसराच कुणीतरी समजून बोलतो. भीती आहे ती इथे.

इतका वेळ गप्प असलेले दादा घोडबंदर रोडला फ्लॅट विकतात. ते म्हणाले, "माझा सीन तो फ्लॅटचा. प्रेतं ठेवलेली त्या घरात हा परत जातो, तर भिंती नव्याने रंगवलेल्या आणि एजंट बाई गिऱ्हाईकाला घर दाखवतेय. ती ह्याला विचारते, जाहिरात बघून आलात का? हा हो म्हणतो. जाहिरात दिलेलीच नसते! तिला कळतं, आणि ती त्याला फक्त निघून जायला सांगते. पोलीस नाहीत, आरडाओरडा नाही. भाव पडेल ना."

"तुम्ही सांगता गिऱ्हाईकाला, घरात काय घडलंय ते?" सायलीने विचारलं.

"विचारलं तर सांगतो. लोक पार्किंगचं विचारतात."