सचोटीचा सुगंध, घाऊक दरात

हस्तकलेच्या आणि नैसर्गिक सुगंधाच्या घाऊक धंद्यात उतरायचं ठरवलंत? अभिनंदन. आधीची पिढी भुलेश्वरात नाहीतर रविवार पेठेत गाळा घ्यायची, खतावणी लिहायची, घासाघीस करायची आणि जन्मभर व्यापारी म्हणवून घ्यायची. तुमच्यावर ती वेळ येणार नाही. माल तोच घ्यायचा, भावही तेवढाच पाडायचा, फक्त पाडताना चेहऱ्यावर जरा कळवळा ठेवायचा. कळवळ्यावर जीएसटी नाही.

पहिलं काम बोधचिन्हाचं. जागतिक फेअर ट्रेड (म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या) संघटनेची दहा तत्त्वं आहेत, पण ती वाचायच्या भानगडीत पडू नका. तिसऱ्यापाशीच घसा कोरडा पडतो. कारागिराने मागितली तर हस्तकलेच्या ऑर्डरवर किमान 50 टक्के रक्कम आगाऊ द्यावी, तीही बिनव्याजी, असं तिथे चक्क लिहून ठेवलंय. शिवाय त्यांचं चिन्ह लावायचं तर तपासणी करून घ्यावी लागते. त्यापेक्षा भाचा ग्राफिक डिझाइन शिकतोय, त्याला सांगा: दोन ओंजळी, मध्ये एक पान, भोवती गोल. खाली बारीक अक्षरात 'एथिकल'. दीड तासाचं काम आहे. भाच्यालाही पैसे द्यायची गरज नाही, त्याला अनुभव मिळतो.

आता सुगंध. 'नैसर्गिक' लिहिण्याआधी अनेकांचा हात उगाच थरथरतो. थोडं तर्कशास्त्र वापरा. आपल्याकडचा बहुतेक कापूर कारखान्यात टर्पेंटाइनपासून बनतो. पण टर्पेंटाइन कशाचं? चीडच्या झाडाचं. झाड कोणाचं? निसर्गाचं. लावा चिकटपट्टी: 'शुद्ध भीमसेनी'. मेणबत्तीचं पॅराफिन खनिज तेलातून येतं, आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवांपासून झालंय, तेव्हा याहून सेंद्रिय काय असणार? एक किलो गुलाबतेलाला साडेतीन-चार हजार किलो फुलं लागतात, हे मात्र गिऱ्हाइकाला आवर्जून सांगा. ते ऐकून तो तुमच्या नव्व्याण्णव रुपयांच्या गुलाब अगरबत्तीकडे आदराने बघतो. हिशेब करत बसत नाही. स्ट्रॉबेरीपासून ऊर्ध्वपातनाने सुगंधी तेल निघत नाही, तरी 'महाबळेश्वरच्या मळ्यातला नैसर्गिक स्ट्रॉबेरी सुगंध' हमखास चालतो. कोणी विचारलंच तर मळा खरा आहे, एवढं ठामपणे सांगा.

गुग्गुळ आणि जटामांसी या दोन्ही वनस्पती जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदलेल्या आहेत. गुग्गुळाच्या खोडाला वेडेवाकडे घाव घालून जास्तीचा डिंक ओढला की झुडूप मरतं. घाबरू नका. संपत आलेल्या मालाला बाजारात 'लिमिटेड एडिशन' म्हणतात आणि त्याला दीडपट भाव येतो.

अगरबत्तीचं सांगायचं तर काळी काडी म्हणजे कोळशाची भुकटी, लाकडाचा भुसा आणि चिकटपणाला जिगट, म्हणजे झाडाच्या सालीची भुकटी. वळणाऱ्या बाईला हजार काड्यांमागे मजुरी मिळते. पाटावर बसून तळहाताने एकेक काडी वळायची, वाळवायची, मोजायची, जुड्या बांधायच्या. तुटलेली धरत नाहीत. पावसाळ्यात वाळत नाहीत, तीही जबाबदारी तिचीच. मग ही कच्ची काडी सुगंधात बुडवतात, आणि तो सुगंध पातळ करायला बहुतेक ठिकाणी डायइथाइल थॅलेट वापरतात. नाव लांबलचक आहे, पाकिटावर मावणार नाही, म्हणून गाळा. त्या जागी 'आजीच्या वाड्यातला मोगरा' छान बसतं.

काडीच्या बांबूचीही एक गोष्ट हवी. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने वर्षानुवर्षं झगडून 2011 साली आपल्या जंगलातला बांबू स्वतः विकायचा हक्क मिळवला. ही गोष्ट पाकिटाच्या मागे छापा. डोळ्यांत पाणी येईल अशी आहे. आता तुमची काडी व्हिएतनामहून आली असेल, तर त्याला तुमचा नाइलाज आहे. सरकारने 2019 मध्ये कच्च्या अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध आणले, 2020 मध्ये बांबूच्या काडीवर 25 टक्के आयात शुल्क लावलं, आणि तरी तुम्ही धीराने व्यवसाय करताय. पण पाकिटावर छापलेली गोष्ट मेंढ्याची आहे, आणि ती खरी आहे. ती आतल्या काडीबद्दल आहे असा दावा तुम्ही कुठे केलाय?

वारली चित्रांशिवाय हल्ली कुठलाच संच पुरा होत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली, हे माहितीपत्रकात येऊ द्या. डहाणू-तलासरीकडे लग्नघरात सुवासिनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात आणि त्यात पालघट देवी बसवतात. तो चौक कोस्टरवर घ्या. दिसतो सुरेख, आणि देवीवर कॉफीचा मग ठेवायला दिवाणखान्यात कोणाची हरकत नसते. पहिले सहा नमुने मात्र हाताने काढलेले आणि फुकट घ्यायचे. 'दादा, एकदा पसंत पडलं ना, मग बघा ऑर्डर!' पसंत पडलं की नमुना स्कॅन करायचा आणि पुढचे पाच हजार भिवंडीत छापून घ्यायचे. दादांना दिवाळीला शुभेच्छा पाठवायला विसरू नका, नाती जपावी लागतात.

खरी कारागिरी इथून पुढे आहे, नीट लक्ष द्या. प्रत्येक वस्तूला सुतळीने एक खाकी कागद बांधायचा. त्यावर लिहायचं: 'ही वस्तू हाताने घडवलेली आहे. रंगात व आकारात थोडा फरक असणारच. तो दोष नव्हे, तीच तिची ओळख.' या एका कागदाने गिऱ्हाईक गप्प होतं. पणती डुगडुगली तरी ते ती परत आणत नाही, पाहुण्यांना कौतुकाने दाखवतं. पण त्याच पणत्या कुंभारवाड्यातून तुमच्या गोदामात उतरतील, तेव्हा फूटपट्टी काढा. तोंड 2 मिलिमीटर वाकडं? परत. गेरू जरा गडद? परत. चारशेतल्या नव्वद बाजूला काढा आणि बिलातून कापा. कुंभारकाका म्हणतील, 'साहेब, भट्टीत आच सगळीकडे सारखी लागते का?' त्यावर मान हलवा, 'गुणवत्तेशी तडजोड नाही' म्हणा आणि टेम्पोभाडं त्यांच्या नावावर टाका. परत पाठवायला जास्त भाडं पडणार असेल तर पाठवू नका. पैसे कापलेलेच आहेत, त्या नव्वदही खाकी कागद बांधून विका. एकच वाकडेपणा खरेदीच्या वेळी दोष आणि विक्रीच्या वेळी ओळख ठरवता येणं, हे या धंद्यातलं मर्म आहे. ज्याला हे जमत नाही त्याने किराणा दुकान काढावं.

पैसे देण्याबाबत सरकारने उगाच नाक खुपसलंय. 2006 च्या कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही चक्रवाढ. वर 2024-25 या करनिर्धारण वर्षापासून आयकरवालेही विचारतात की पैसे वेळेत दिले नाहीत तर खर्च कसला दाखवताय. ऐकूनच हातपाय गळाले ना? पण हा सगळा जाच उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, असलेल्यांसाठी आहे. पाटावर काड्या वळणाऱ्या मावशींना उद्यम म्हणजे काय ते माहीत नसतं. तुम्ही कशाला सांगता? त्यांच्या साधेपणाला धक्का लागेल.

एखादीची मुलगी कॉलेजात जात असते आणि ती नोंदणी करून टाकते. तिथे आपला जुना, अस्सल देशी उपाय आहे: जांगड. माल विकत घ्यायचाच नाही, जांगडावर ठेवून घ्यायचा. विकला तर पैसे, न विकला तर सहा महिन्यांनी धूळ आणि उंदराच्या दातांसकट परत. खरेदीच झाली नाही तर 45 दिवस मोजायचे कुठून? मावशींनी फार तगादा लावला तर प्रेमाने म्हणा, 'मावशी, आपण एक कुटुंब आहोत ना?' कुटुंबात कोणी बिल मागत नाही. (भाडंही मागत नाही, पण गोदामाचा मालक कुटुंबातला नसल्याने त्याला पहिल्या तारखेला द्यावं लागतं.)

फोटो हातांचे घ्या. चेहरा दिसला की लोक नाव विचारतात, नाव कळलं की फोन नंबर, आणि मग तुमची गरज काय उरली? नखांत कोळसा अडकलेला असेल तर छानच, धुवायला लावू नका. माल यंत्रावर वळलेला असला तरी चालेल, हात खरे असले म्हणजे झालं.

एवढं करूनही एक संकट येऊ शकतं. बचत गटाच्या बायका उठून वांद्रे-कुर्ला संकुलातल्या महालक्ष्मी सरस या बचत गटांच्या प्रदर्शनात स्वतःच स्टॉल लावतात. तुम्ही साडेतीनशेला विकता तेच पाकीट साठ रुपयांना, बाजूला क्यूआर कोड, आणि वर ओळखीचं हसून विचारतात, 'ताई, तुम्ही इकडे कशा?' अशा वेळी खचू नका. आपल्या गिऱ्हाइकांना दुःखाने सांगा की या बायका आता फार व्यावसायिक झाल्यात, पूर्वीची निर्मळता राहिली नाही. मग शेवटच्या दिवशी, स्टॉल आवरायच्या वेळी पुन्हा जा आणि उरलेली सगळी पाकिटं एकदम घेते म्हणून भाव विचारा. रोख मागतील. चाळीसपासून सुरुवात करा, पंचेचाळीसपर्यंत नक्की येतात.