खुलासा : त्राओरे यांनी निवडून आलेलं सरकार उलथवलं नव्हतं

‘कॅप्टन इब्राहिम त्राओरे यांनी फ्रान्सधार्जिणं निवडून आलेलं सरकार उलथवलं, बुर्किना फासोतला हा पहिलाच उठाव’ असा मजकूर फिरतोय. पश्चिम आफ्रिकेतल्या, एकेकाळी फ्रेंच वसाहत असलेल्या या देशाबद्दलच्या मजकुरात दोन चुका आहेत.

निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष रोश काबोरे २४ जानेवारी २०२२ लाच गेले होते. त्यांना हटवलं लेफ्टनंट कर्नल पॉल-आंरी दामिबा यांनी. त्राओरे यांनी त्याच वर्षी ३० सप्टेंबरला खाली खेचलं ते या दामिबांना, म्हणजे लष्करानं लष्करालाच. दोन्ही वेळी ठिणगी जिहादी बंडखोरांशी चाललेल्या लढाईच्या आघाडीवरून पडली. नोव्हेंबर २०२१ मध्ये इनाता इथल्या तळावर हल्ला होऊन पन्नासेक जण मारले गेले. तिथल्या जवानांची रसद आधीच संपली होती, खाण्याचेही वांधे होते. सप्टेंबर २०२२ मध्ये बंडखोरांच्या वेढ्यात अडकलेल्या जिबो शहराकडे निघालेला रसदीचा ताफा गास्किंदेजवळ कापला गेला. चारच दिवसांत दामिबा गेले. फ्रान्सविरोधी घोषणा रस्त्यावर होत्या हे खरं, पण बराकीतला राग रसदीचा होता. देशात असलेल्या फ्रेंच लष्करी तुकडीनं मुक्काम हलवला तो नंतर, २०२३ मध्ये.

आणि ‘पहिलाच’? १९६६ मध्ये लामिझाना, १९८० मध्ये झेर्बो, १९८२ मध्ये वेद्राओगो, १९८३ मध्ये सांकारा, १९८७ मध्ये कोंपाओरे. सगळे बंदुकीच्याच जोरावर आले. २०१५ चा जनरल दियांदेरे यांचा डाव मात्र आठवड्याभरात फसला.

त्राओरे सांकारांच्या हाताखाली घडले, हीही थापच. सांकारा मारले गेले ऑक्टोबर १९८७ मध्ये. त्राओरे यांचा जन्म १९८८ चा.